दस्त नोंदला, आता जागा माझी ना?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पहिल्यांदाच जागेत पैसे घालणाऱ्यांनी आपले प्रश्न पाठवावेत. पत्रं भरपूर आली. त्यातल्या निम्म्यांत एकच प्रश्न होता: अमुक भागात भाव वाढतील का? त्यांना उत्तर देत नाही. दापोली, मावळ, खंडाळा (लोणावळ्याजवळचा नव्हे, साताऱ्यातला) आणि शेवटी हवेली अशा कचेऱ्यांत मी दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदणारा अधिकारी, म्हणून बसलो. लोक माझ्यासमोर यायचे ते भाव ठरवूनच. मला कागद वाचता येतो, भविष्य वाचता येत नाही. उरलेल्या पत्रांतली काही खाली घेतली आहेत. नावांची आद्याक्षरं ठेवली, ओळख पटेल असे तपशील गाळले.

साहेब, माझ्या मेहुण्याने घेतलेल्या प्लॉटवर आता तिसराच माणूस हक्क सांगतोय. दस्त रीतसर नोंदलेला आहे. अंगठा झाला, फोटो झाला, पावती आहे. सरकारी कचेरीत नोंद झाली म्हणजे सरकारने तपासलं, असंच ना? मीही पुढच्या महिन्यात एक जागा घेणार आहे, म्हणून धास्तावलोय.
*— रा. शि., कराड*

नाही, रावसाहेब. आणि हा गैरसमज मी इतक्या चेहऱ्यांवर पाहिलाय की तुमचं पत्र पहिलं घेतलं.

आमच्या कचेरीत काय बघतात? सही करणारा तोच माणूस आहे का, त्याची ओळख पटवणारे कोण, मुद्रांक शुल्क पुरेसं भरलंय का, आणि हा दस्त नोंदायला एखाद्या कायद्याची थेट आडकाठी आहे का. विकणारा खरोखर मालक आहे का, हे ठरवण्याचा अधिकार १९०८च्या नोंदणी कायद्याने दुय्यम निबंधकाला दिलेलाच नाही. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकीची होत नाही. उद्या एखाद्याने दुसऱ्याची जमीन तुम्हाला विकली आणि कागद वरवर नीट असला, तर तो दस्तही नोंदला जातो. मग तुम्ही दिवाणी कोर्टात.

'पण सातबाऱ्यावर नाव होतं' हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. सातबारा हा महसुलाचा कागद. उलट सिद्ध होईपर्यंत त्यातली नोंद खरी मानतात, एवढंच त्याचं वजन. मालकीचा अखेरचा पुरावा तो नव्हे, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय.

तर पुढच्या महिन्यात सही करण्याआधी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, काढून घ्या. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्तांची सूची) शोधता येतो, तो घरबसल्या आधी स्वतः बघा. पण त्यावर थांबू नका. जुन्या वर्षांचे इंडेक्स हाताने लिहिलेले, नावांचे स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीवर. 'शिंदे' तीन प्रकारे लिहिलेले मी स्वतः पाहिलेत. कचेरीत बसून पुस्तकं उलटणारा माणूसच ते पकडतो. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक फेरफाराची (नावबदलाच्या नोंदीची) नक्कल मागा आणि आजच्या मालकापासून मागे मागे जात साखळी जुळते का बघा. ई-कोर्ट्सवर विकणाऱ्याच्या नावाने दावे शोधा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. हरकत घेणारा असेल तर तो सहीआधी समोर आलेला बरा.

आणि विकणाराच 'सर्च रिपोर्ट तयार आहे' म्हणून हातात ठेवत असेल, तर तो वाचा, आभार माना आणि आपल्या वकिलाकडून दुसरा काढा. ज्या जागेवर लाखांचं मुद्रांक शुल्क मुकाट भरता, तिथे वकिलाच्या फीवर घासाघीस करू नका.

मी २८ वर्षांचा, पुण्यात आयटीत. शिरवळजवळ दोन गुंठ्यांचा प्लॉट मिळतोय. एजंट म्हणतो, अकरा जण मिळून सामायिक खरेदीखत करू, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागतील, दोन वर्षांत एन.ए. (बिगरशेती) होणार. भाव अजून परवडणारा आहे. मित्रांनी घेतलेत. थांबलो तर हातचं जाईल का?
*— अ. कु., पिंपळे सौदागर*

खंडाळ्यात मी नोकरी केली, त्यामुळे शिरवळचं नाव वाचून मी चष्मा पुसला.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महाग शब्द 'होणार' हा आहे. आज ती जमीन शेतीची आहे. तुम्ही शेतकरी आहात का? म्हणजे तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर राज्यात कुठेतरी शेतजमीन आहे का? नसेल, तर कुळकायद्याच्या कलम ६३प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तुम्हाला शेतजमीन घेताच येत नाही. जमीन विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत रहिवासी, औद्योगिक अशा बिगरशेती वापराला ठेवलेली असेल तर गोष्ट निराळी. पण ते एजंटच्या नकाशावर बघायचं नसतं. नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढायचा असतो, गट नंबर घालून. ही अट मोडली तर तहसीलदार व्यवहार अवैध ठरवू शकतात आणि प्रकरण जमीन सरकारजमा होण्यापर्यंत जाऊ शकतं.

आता दोन गुंठ्यांकडे येऊ. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतीचे बारीक तुकडे पाडून विकायला १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने मनाई आहे. २०२३च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला किमान १० गुंठे आणि जिरायतीला किमान २० गुंठे हे प्रमाण आहे. तुमचे दोन गुंठे यात कुठेच बसत नाहीत. म्हणून तर ती 'अकरा जण मिळून' ची युक्ती: कागदावर बावीस-तेवीस गुंठ्यांचा एकच व्यवहार दाखवायचा, म्हणजे तुकडा पडला असं दिसत नाही.

सही झाली की तुमच्या हातात काय राहतं? सातबाऱ्यावर अकरा नावं. तुमचा प्लॉट कुठला, हे फक्त एजंटने मारलेल्या चुन्याच्या रेघेला माहीत. बँक त्यावर घरकर्ज देणार नाही. बांधकाम परवाना मागायला गेलात तर मंजूर लेआउट मागतील. विकायचं ठरवलंत तर ग्राहकही तुम्हाला आज पडलाय तोच प्रश्न विचारेल. अकरातला एक वारला की त्याचे वारस लागतात, आणि पुढच्या प्रत्येक कागदाला त्यांच्या सह्या लागतात. मावळात असताना एका सामायिक सातबाऱ्याची नक्कल चार पानं झालेली मी पाहिली आहे.

२०२५मध्ये शासनाने शहरी आणि विकसित पट्ट्यांतले तुकडे नियमित करायचा मार्ग मोकळा केला हे खरं. एजंट ते कात्रण खिशात घेऊन फिरतो हेही मला ठाऊक आहे. पण ती सवलत आधी होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी आहे. तिच्या भरवशावर नवा घोळ विकत घेणं म्हणजे पुढच्या माफीच्या आशेवर आज गुन्हा करणं.

प्लॉटच घ्यायचा असेल तर बिगरशेती आदेश झालेला आणि लेआउट मंजूर असलेला घ्या. ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटिंगलाही महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते, ती बघा. स्वतंत्र सातबारा निघतो का विचारा. आदेशाचा क्रमांक घेऊन खरा आदेश वाचा, 'कलेक्टर एन.ए.' असं फ्लेक्सवर कुणीही छापतं. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात 'कुळकायदा कलम ४३ला पात्र', 'पुनर्वसनासाठी राखीव' असं काही किंवा मालकाच्या नावाजवळ 'भोगवटादार वर्ग २' दिसलं तर परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) यांची भानगड आहे असं समजा. असा प्लॉट महाग पडतो, दोन गुंठ्यांऐवजी एकच परवडेल. परवडेल तेवढाच घ्या.

हातचं जाईल का? जाऊ द्या.

मुंबईत नोकरी करते. पुण्याच्या वेशीवर ६० लाखांचा वन बीएचके बुक करायचा विचार आहे, बांधकाम चालू आहे. बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, 'मॅडम, भाड्यातूनच ईएमआय सुटेल.' तिथे १८,००० भाडं मिळतं. यजमान म्हणतात दोघांच्या नावावर घेऊ. बरोबर आहे का?
*— सौ. मे. दे., मुलुंड*

मेधाताई म्हणू का? (अंदाजाने म्हणतोय.) त्या मुलाला हिशेब येतो, फक्त तो तुम्हाला दाखवत नाही. चला, मांडू.

कर्ज ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत मिळतं. ४८ लाख मिळाले असं धरू. उरलेले १२ लाख तुमचे. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो खिशातून. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी एक टक्का, पण तिला ३० हजारांची कमाल मर्यादा. चालू बांधकामावर जीएसटी ५ टक्के, ३ लाख. (४५ लाखांच्या आतल्या परवडणाऱ्या घराला १ टक्का असतो, तुमचं त्यात बसत नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाहीच.) बेरीज करा: साडेएकोणीस लाख हाताशी हवेत, त्यात पंखे-पडदे धरले नाहीत.

यजमानांच्या सूचनेबद्दल. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात निवासी घराच्या मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. तुमच्या बाबतीत ६० हजार रुपये. पुरुषाचं नाव जोडलं की ती जाते. २०२१मध्ये सवलत आली तेव्हा पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३मध्ये काढून टाकली. यजमान कर्जात सहकर्जदार राहू शकतात, त्यासाठी ते मालक असायला हवेत असं नाही. घरात वाद होणार नसेल तर करा. ६० हजारांपेक्षा शांतता मोठी असेल तर तेही समजून घेईन.

आता हप्ता. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांना ४८ लाखांचा हप्ता सुमारे ४१,६५० रुपये. भाडं १८,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३,००० धरा. भाडेकरू ठेवला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, जास्त मागितलं तर शासन निर्णय दाखवा. घरपट्टी आहे. वर्षात एक महिना घर रिकामं राहतं असं धरायचंच. महिन्याला साडेबारा हजार सुटले तरी नशीब. म्हणजे दरमहा २९ हजारांच्या आसपास पगारातून. आणि ताबा मिळेपर्यंत तर भाडं शून्य, व्याज मात्र चालू.

सगळा खर्च धरून ६७ लाखांच्या वर गुंतवून वर्षाला दीड लाख, म्हणजे सव्वादोन टक्केही धड नाहीत. नव्या कर पद्धतीत असाल तर भाड्याच्या घरावरचा तोटा पगारातून वजाही करता येत नाही. मग लोक का घेतात? किंमत वाढेल या आशेवर. ती आशा खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण ती आशा आहे हे स्वतःला सांगून घ्या. तो मुलगा ज्याला 'ईएमआय सुटेल' म्हणतो ते गणित या घराचं नाही.

माझं मत विचाराल तर पूर्ण झालेलं, भोगवटा पत्र हातात असलेलं जुनं-नवं घर बघा, थोडं आत, स्टेशनजवळ. जीएसटी वाचतो, भाडं पहिल्या महिन्यापासून येतं, आणि शेजारच्या बाईंना विचारता येतं की पाणी किती वाजता येतं.

बिल्डर म्हणतो आत्ता २५ टक्के भरा, ॲग्रीमेंट दिवाळीनंतर करू. त्यातले काही रोख दिले तर भाव कमी करतो. सगळे असंच करतात म्हणे.
*— वि. जा., नाशिक*

सगळे करत नाहीत. रेरा कायद्याच्या कलम १३प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. पहिल्याच पावलाला जो कायदा मोडतो तो ताब्याची तारीख पाळेल अशी अपेक्षा कशाला ठेवता?

रोखीचं सांगतो. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुमचं नुकसान वेगळं: ती रक्कम कुठल्याच कागदावर नाही. प्रकल्प रखडला आणि पैसे परत मागायची वेळ आली तर करारातली रक्कम व्याजासकट मागता येते, पिशवीतली नाही. पुढे घर विकलंत की खरेदीची किंमत कागदावर कमी, म्हणून नफा जास्त दिसतो आणि कर तुम्ही भरता. आज त्याने वाचवलेला कर, तुमच्या डोक्यावर.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक घाला. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, तोही चालेल. पूर्ण करायची तारीख किती वेळा पुढे ढकलली, किती घरं विकली गेली, जमिनीवर कुठलं कर्ज आहे, कोर्टात काय चालू आहे, हे तिथे मिळतं. एवढं वाचायला एक संध्याकाळ लागते.

आम्ही मूळचे दापोली तालुक्यातले, आता डोंबिवलीत. गावाकडचा एक भाऊबंद त्याच्या हिश्श्याची आंब्याची कलमं विकतोय. सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, पण 'माझा हिस्सा कुठला ते सगळ्यांना ठाऊक आहे' म्हणतो. स्वस्तात देतोय. पुढे फार्महाऊस बांधून भाड्याने द्यायचा बेत आहे.
*— सु. मो., डोंबिवली*

सतरा म्हणजे दापोलीच्या मानाने आटोपशीर. पण प्रश्न आकड्याचा नाही.

सगळ्यांना ठाऊक असलेला हिस्सा आणि कागदावरचा हिस्सा या कोकणात दोन वेगळ्या जमिनी असतात. वाटप झालेलं नाही, पोटहिस्सा पडलेला नाही, भूमी अभिलेखची मोजणी नाही. अशा वेळी तो तुम्हाला ही बारा कलमं विकूच शकत नाही. तो विकतो त्याचा अविभक्त हिस्सा. म्हणजे उद्या वाटपाचा दावा लावायचा हक्क तुम्ही विकत घेता. खळ्यात बसून सगळे माना डोलावतात, आणि कलमं चांगली धरायला लागली की मुंबईचा पुतण्या येतो.

आत्यांचं विचारलंत का? २००५च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलांइतका हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. 'लग्नात दिलं सगळं' हे वाक्य सातबाऱ्यावर चढत नाही. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, आणि ते मनापासून दिलेलं असावं. दापोलीत असताना अशा दस्तांच्या वेळी मी बायकांना बाजूला घेऊन विचारायचो, 'बाई, यात काय लिहिलंय ते ठाऊक आहे ना?' दोघी-तिघी 'नाही' म्हणाल्या आणि दस्त न नोंदता घरी गेल्या. त्यांचे भाऊ माझ्यावर रुसले, माझी हरकत नव्हती. शिवाय वारसाने वारशाने आलेला हिस्सा परक्याला विकायला काढला तर बरोबरच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क असतो. तुम्ही भाऊबंद आहात, पण त्या वारसांत आहात का, हे वकिलाला विचारा.

तिसरं: 'इतर अधिकार' रकाना डोळ्यांत तेल घालून बघा. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात पुष्कळ गटांवर १९७५च्या खाजगी वने संपादन कायद्याची नोंद आहे. कलमं लावलेली असोत नसोत, ती नोंद असेल तर बांधकाम विसरा. समुद्र जवळ असेल तर सीआरझेडही (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) बघा. आणि रस्ता! जमिनीपर्यंत गाडीरस्ता कागदावर आहे की शेजाऱ्याच्या परवानगीने? शेजारी बदलतात.

भावकीला एकत्र बसवून रीतसर वाटप करून घ्या. गणपतीत सगळे गावी असतात, तेव्हाच बसवा. वाटप झालं, मोजणी होऊन हद्दी कायम झाल्या, की मग घ्या. भाव थोडा वाढेल. ती वाढ मला स्वस्त वाटते.

खरेदीनंतर फेरफाराची नोंद लागते, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. भाऊसाहेब म्हटलंत तरी ओ देतील.

काका, एक फ्लॅट घेऊन चार वर्षं झाली. भाडेकरू ठेवला तर घर बळकावेल या भीतीने बंद ठेवलाय. चूक करतेय का?
*— प्रा. ना., कोल्हापूर*

भीती जुन्या काळातली आहे, तेव्हा ती खरीही होती. आता लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार केलात तर मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. रेंगाळलेल्या काळाचं दुप्पट शुल्क मागता येतं. साध्या दिवाणी दाव्याहून ती वाट खूप जवळची.

मात्र करार नोंदणीकृतच हवा. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला' हे महाराष्ट्रात चालत नाही; कलम ५५प्रमाणे नोंदणी मालकाची जबाबदारी आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींच्या वादात भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. खर्च किरकोळ आहे: मुदतीतल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक आणि शहरात हजार रुपये फी. ऑनलाइन होतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवा आणि चावी द्या.

पुनर्विक्रीचा फ्लॅट, किंमत ८५ लाख. मालक अमेरिकेत, इथे त्याचा भाऊ कुलमुखत्यार म्हणून सही करणार. आम्ही १ टक्का टीडीएस कापायचा ना?
*— ओ. भि., ठाणे*

थांबा. एक टक्का हा विकणारा भारतात राहणारा (करासाठी निवासी) असेल तर आहे, ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहाराला. विकणारा अनिवासी असेल तर नियमच दुसरा: दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर. विकणाऱ्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नसेल तर सल्लागार सहसा पूर्ण किमतीवर कापायला सांगतात, कारण त्याचा नफा किती हे तुम्हाला ठरवता येत नाही. कमी कापलात तर वसुली तुमच्याकडून होते, तो तिकडे निवांत. सीएला विचारूनच पहिला धनादेश द्या, आणि विकणाऱ्याला तो दाखला आजच मागायला सांगा. दाखल्याला वेळ लागतो.

कुलमुखत्यारपत्र तिकडच्या वकिलातीतून किंवा नोटरीकडून आलंय का, भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरलाय का, त्यात 'विकणे' आणि 'नोंदणीसाठी हजर राहणे' हे दोन्ही अधिकार शब्दांत लिहिलेत का, बघा. मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला. तो हयात आहे आणि विकायला राजी आहे, एवढं त्याच्या तोंडून ऐका. आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर 'घेतलेला' कुणी मधला माणूस स्वतः मालक म्हणून विकत असेल, तर २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की तशाने मालकी जात नाही.

माझ्याकडे तीन लाख आहेत. जागेत गुंतवायचेत. काही होईल?
*— ग. ह., लातूर*

तीन लाखांत स्वतःची निर्वेध जागा होणं अवघड, आणि जो होते म्हणतो त्याच्याकडे वरचा दोन गुंठ्यांचा प्लॉट असतो. शेअर बाजारात रीट नावाचा प्रकार आहे: मोठ्या ऑफिस इमारतींचं, मॉलचं भाडं गोळा करून युनिटधारकांना वाटतात. वाटण्याजोग्या रोख रकमेतले किमान ९० टक्के वाटणं सेबीने बंधनकारक केलंय. आपल्याकडे पहिलं रीट २०१९मध्ये शेअर बाजारात आलं. एक युनिटही घेता येतं आणि विकायला कुणाची सही लागत नाही. युनिटचा भाव खालीवर होतो, हे धरूनच घ्या. मी स्वतः त्यातला जाणकार नाही, माझ्या कचेरीत ते कधी आलं नाही.

पितृपक्षात खरेदीखत केलं तर चालतं का? सासूबाई म्हणतात नको, मालक म्हणतो आत्ताच करा.
*— श्रु. गो., सांगली*

कायद्याला तिथी नसते. पितृपक्षात नोंदणी कार्यालयात माशा मारत बसतात, अर्ध्या तासात मोकळे व्हाल. अक्षय्य तृतीयेला गेलात तर दिवस जातो आणि सर्व्हर बंद पडतो.

सासूबाईंचंही राहील अशी सोय कायद्यात आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला आणता येतो. मुद्रांकाचं चलन भरून ठेवा, घटस्थापनेला घरी सह्या करा आणि गर्दी ओसरली की कचेरीत या. मालक चार महिने थांबायला तयार नसेल तर त्याला घाई कसली आहे, ते विचारा. एकदा बोजाचा (जागेवरच्या कर्जाचा) रकानाही बघून घ्या.